बिराप्पाची सावली

बिरोबाचा भंडारा उचलून बिराप्पानं दारू सोडायची शपथ घेतली, म्हणून त्याच्या पिण्यापायी रुसून माहेरी गेलेली त्याची बायको तानुबाई आज परत येणार होती. नवी टोपी घालून तो तासगावच्या एसटी स्टँडकडं निघाला, हरखलेला, ओळंब्यासारखा सरळ. सावली मात्र झोकांड्या खात होती.

“नीट चाल की गं बये, लोक बघत्यात!” त्यानं तिला दटावलं.

पण शपथ त्यानं घेतली होती. सावलीला कुणी विचारलंच नव्हतं. गुत्त्यासमोर तिनं हात तोंडाशी नेऊन मान मागं टाकली, आणि बिराप्पाचा घसा जळत गेला.

तानुबाई उतरली. त्याचं तोंड हुंगून खुदकन हसली.

“आवं, खरंच सुटली की वो!” तिनं त्याचा हात घट्ट धरला.

बिराप्पानं हळूच खाली बघितलं. तानुबाईची सावली पिशवी उचलून परत एसटीत चढत होती.