घर कुणाच्या नावावर

वकिलांनी भाग्यश्रीला बाहेरच्या बाकावर बसवलं. पण मधली भिंत प्लायवूडची होती आणि तिचे कान तिखट होते.

आत सासूबाई राजमती आणि कुपवाडचे जैनुद्दीनचाचा बसले होते. चाचा म्हणजे दिवंगत सासऱ्यांचे कारखान्यातल्या लेथ मशीनवरचे सोबती. वकील समजावत होते, की ट्रस्ट करायचा तर काय देताय, कुणासाठी आणि कशासाठी, हे स्पष्ट लिहावं लागतं. राजमतींच्या नावावरचं घर त्यांनी जितेपणीच विश्वस्त म्हणून चाचांच्या नावावर करायचं. दोघांच्या सह्या आणि नोंदणी होईपर्यंत तो नुसता कागद.

"ज्येच्यासाटी करायचं, त्येला सांगाय लागतं का?" राजमतींनी विचारलं.

"नाही. त्याची सही लागत नाही."

भाग्यश्री भिंतीला आणखी टेकली. पाणी कुठंतरी मुरत होतं. नवरा भरतेश शिरवळच्या कारखान्यात, महिन्यातून एकदा घरी येणारा. आणि इथं म्हातारी एकुलत्या लेकाचं घर परक्याच्या घशात घालत होती. भाग्यश्रीला मूलबाळ नव्हतं, माहेरही उरलं नव्हतं. हे घर गेलं तर तिनं जायचं कुठं?

त्याच दुपारी तिनं कपाटातलं खरेदीखत काढून गाद्यांच्या थप्पीत सारलं. राजमतींनी दोन दिवस घर पालथं घातलं.

"घराचा कागद बगितलास व्हय गं?"

"न्हाई, आत्ती."

राजमती तिच्याकडं बघत राहिल्या. "हुं दे. समदं झालं की सांगीन तुला," एवढंच म्हणाल्या.

वकिलांनी नोंदणी कार्यालयातून खरेदीखताची नक्कल मागवली. ती मिळायच्या आदल्या दिवशी राजमती बस्तीतून, म्हणजे जैन मंदिरातून, दर्शन घेऊन आल्या, पायरीवर टेकल्या, त्या उठल्याच नाहीत.

भाग्यश्री मनापासून रडली. सासू वाईट नव्हती, भोळी होती, असंच तिला वाटत होतं. भरतेश आला तेव्हा तिनं सगळी हकिकत सांगून खरेदीखत त्याच्या हातात ठेवलं. त्यानं ते आपल्या बॅगेत ठेवलं.

"लय मोठं काम केलंस," मग तो म्हणाला. लग्नाला अकरा वर्षं झाली, एवढं कौतुक त्यानं कधी केलं नव्हतं.

तो शिरवळला परतल्यावर चाचा दारात आले. आत यायला तयार नव्हते. सह्या न झालेला मसुदा त्यांनी तिच्यापुढं धरला.

"आता ह्येचा उपेग न्हाई, पोरी. पन वैनींच्या मनात काय हुतं, ते तुला कळाय पायजे."

पहिल्या पानावर चाचांचं नाव होतं, विश्वस्त म्हणून. भाग्यश्रीनं रागानंच पान उलटलं.

'लाभार्थी: माझी सून भाग्यश्री. उद्देश: माझा मुलगा भरतेश त्याची शिरवळची दुसरी बायको आणि मुलं या घरात आणील, तेव्हा हिला कोणी बाहेर काढू नये.'