वाजणारा टायर

"ह्यो टायर टाकला की गाडी चालू हाय का हुभी हाय, आतल्या माणसाला कळतबी न्हाई," राधाकिशन टायरवर थाप मारत म्हणाला.

सोमनाथनं थकून मान हलवली. सकाळपासून बीडमधली दुकानं पालथी घालून तो मांजरसुंब्याला आला होता. जो तो शांतताच विकायला बसलेला, आणि याला नेमकी तीच नको होती.

राधाकिशननं जॅकवर चढवलेल्या गाडीचं चाक फिरवून दाखवलं. "पार गुळगुळीत झालेत. नक्षीचं नाव न्हाई. इलेक्ट्रिक गाडी हाय, बॅटरीचं वजन लई. आन् पाय दाबला की उसळी घेती. साधा टायर हिला पुरणारच न्हाई."

"वजन पेलणारा द्या. पन सगळ्यात जास्त वाजणारा द्या."

राधाकिशन हसला. "लोकं टायर वाजतो म्हनून भांडायला येत्यात. तुमाला कावून पायजे?"

सोमनाथनं दाराकडे पाहिलं. दारातल्या बाकड्यावर त्याचा बाप, तात्याबा, रस्त्याकडे पाठ करून बसला होता. एक पाय लांब सोडलेला, काठी मांडीवर आडवी. ऑपरेशन झाल्यापासून तो पाय नीट वाकत नव्हता. मागून ट्रक गेला, म्हाताऱ्यानं दचकून वळून पाहिलं. मोटारसायकल गेली, तरी पाहिलं. मग रस्ता रिकामा झाला. म्हातारा तरीही वळून पाहतच होता.

"मीच उडवलं त्यांना," सोमनाथ म्हणाला. पोलिसाला, डॉक्टरला, सोयऱ्याधायऱ्यांना सांगून सांगून त्या वाक्यातलं रडूसुद्धा आटलं होतं. "आबा पालीच्या रस्त्यानं मेंढरं घेऊन चाललेले. मी मागून आलो. हॉर्न दिला की मेंढरं उधळत्यात, चाकाखाली येत्यात. मेंढक्याचंच पोरगं मी, म्हनून दिला न्हाई. हळूच कडंनं गाडी काढावी म्हनलं. आबांना वाटलं, मागं कुनीच न्हाई. कोकरू वढायला ते आडवे आले."

राधाकिशनच्या तोंडावरचं हसू गेलं.

सोमनाथनं पुढचं सांगितलं नाही. सांगायचं तरी किती? उभ्या जन्मात तात्याबानं रस्त्यावर कधी मागं वळून पाहिलं नव्हतं. मागून एसटी येतेय की ट्रॅक्टर, हे त्याला कानानंच कळायचं. तो नुसती काठी वर करायचा आणि अख्खा कळप कडेला व्हायचा. आता मात्र दर चार पावलांनी त्याची मान मागं वळायची. तो थांबला की मेंढरं थांबायची, बावरायची, पांगायची. परवा जेवता जेवता तो म्हणाला होता, "मेंढरं इकून टाक. माजे कान गेले." कान काही गेले नव्हते. ते सोमनाथच्या गाडीनं नेले होते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बोललं मात्र कुणीच नव्हतं.

राधाकिशननं आतून जाड, खोल खाचांचा एक टायर घरंगळत आणला. "ह्यो वाजतो. वजनबी पेलतो. पन चार्जिंग लवकर उतरंल." मग त्यानं आवाज खाली आणला. "आन् खरं सांगू का भाऊ, वाजतो त्यो येगात. हळू चालवली तर कोनताच टायर वाजत न्हाई."

सोमनाथ त्या खाचांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बसवा."

चारी चाकं बसेपर्यंत तो भिंतीला टेकून उभा राहिला. तात्याबानं त्याच्याकडे निरखून पाहिलं. "सकाळधरनं पान्याचा घोट न्हाई पोटात. तोंड बघ की कसं झालंय."

"आदी टायर, आबा."

काम झालं तसा तात्याबा काठी टेकत उठला. "चल, बघू तरी वाजतो का. मी पुढं हुभा ऱ्हातो. आवाज आला की काठी वर करतो."

दुकानामागं एक कच्चा रस्ता शेतांकडे जात होता. म्हातारा लंगडत त्या रस्त्यानं पुढं निघाला. जाता जाता दोनदा वळून पाहिलं. मग थांबला, पाठ करून.

सोमनाथ गाडीत बसला. समोर तीच पाठ, तोच पांढरा पटका. त्यानं गाडी चालू केली, पण समोरचा पडदा उजळला तेवढाच, आवाज कसलाच नाही. ब्रेकवरचा पाय काही केल्या उचलेना. इथं वेगात कसं जायचं? आणि हळू गेलं तर काय ऐकू येणार? काठी वर गेली नाही तर मेंढरं गेली, आणि मेंढरांबरोबर बापही गेल्यातच जमा. हे त्याला स्वच्छ दिसत होतं. आपण फार दमलोय, असं त्याला वाटलं. इथंच डोकं टेकून झोपून जावं.

पुढं काठी वर गेली.

"आला रं, आला आवाज!" तात्याबा मागं न वळता ओरडला. "लई मोठा हाय!"

सोमनाथचा पाय अजून ब्रेकवरच होता.