आठवू नकोस

"आई, तुला माझ्या गळ्याची शपथ, जुनं काही आठवू नकोस," पडद्यापलीकडून हेमांगी म्हणाली. "नुसतं समोरचं बोल."

कुमुदला हसू आलं. कुमुद वारल्यावर तिचं मन या केंद्रातल्या अवाढव्य संगणकात ठेवलं होतं, आणखी चाळीस हजार मनांच्या शेजारी. कॅमेऱ्यातून लेक नेहमीसारखी दिसत होती.

"का गं?"

"आठवणी साठवायच्या डिस्क तेवढ्याच राहिल्या आणि माणसं वाढली. एकेक आठवण काढायला रांग लागते. तुला आत कळत नाही, इकडे आम्ही ताटकळतो."

"काहीतरीच तुझं! ही निळी साडी मीच घेतली ना तुला? कधी बरं..." कुमुदने क्षणभर आठवून पाहिलं. "हां, मंगळागौरीला!"

समोर निळी साडी नव्हती. हेमांगीच्या अंगात स्वेटर होता आणि कानांवरचे केस पांढरे झाले होते.

"सहा वर्षं, आई," ती म्हणाली. "दर रविवारी येऊन बसत होते गं."

कुमुदने ठरवलं, आता काही म्हणजे काही आठवायचं नाही! पण घाबरली की ती जन्मभर जे करत आली, तेच तिने केलं. ती स्तोत्र पुटपुटू लागली, आणि दुसरी ओळ चटकन आठवेना.

ओळ सापडली तेव्हा खुर्चीत एक अनोळखी बाई होती.

"आजी, आई जाताना बजावून गेलीय, तुला काही आठवू द्यायचं नाही."

"नाही गं बाई, नाही आठवत," कुमुद घाईघाईने म्हणाली.

पण हिच्या हनुवटीवरची ही खळी कुठे पाहिली होती बरं?