दहावी खुर्ची

बाबा गेले तेव्हा मी बारा वर्षांची होते. आम्हा ज्यूंमध्ये मृतासाठीची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. आमच्याकडे जमले नऊच. एक माणूस मागायला आईने मला गोऱ्या ज्यूंच्या सिनेगॉगकडे, त्यांच्या प्रार्थनामंदिराकडे, पिटाळलं. दारातल्या गृहस्थांनी मला नखशिखांत न्याहाळलं. "एवढे सावळे? तुम्ही कसले ज्यू!" मी रडत परतले. प्रार्थना राहिली ती राहिलीच.

हे मी फक्त नातीला सांगितलं होतं. काल तिच्या नाटकात तेच होतं. रंगमंचावर दहा खुर्च्या आणि नऊ नट, सगळे आमच्याच रंगाचे. नात पुढे आली आणि थेट माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, वर ये. दहावी तू."

"अगं, बायकांना धरत नाहीत त्यात."

"आम्ही धरतो. चल लवकर, पणजोबा कधीचे ताटकळलेत."

हशा पिकला. मी हळूहळू पायऱ्या चढून त्या खुर्चीवर बसले आणि सत्तर वर्षं पाठ असलेली प्रार्थना पहिल्यांदा मोठ्याने म्हटली.

ती मला आईने शिकवली होती. बाबा गेले त्या दिवशी आई त्या नऊ पुरुषांच्या मागेच उभी होती.