निघण्याआधीची विचारणा

मुलांनो, डोळे मिटा आणि एक चिता डोळ्यांसमोर आणा. घाबरू नका, ती अजून पेटलेली नाही. निमगाव साव्याच्या वस्तीबाहेर पत्र्याच्या शेडखाली लाकडं रचली आहेत. त्यांवर सावळेराम आजोबा निजले आहेत. अंगावरही लाकडं ठेवून झाली आहेत, फक्त चेहरा उघडा आहे. शेजारी त्यांचा मुलगा धम्मपाल टेंभा घेऊन उभा आहे.

त्रिशरण, पंचशील म्हणून झालं होतं. आता भाषणं चालली होती.

"साहेबांनी जन्मभर विमानं उडवली," सरपंच कुंडलिक म्हणाले. "गावाचं नाव पार आभाळात नेलं."

"विमानं न्हाई, राकेट," मागून भागुजी म्हणाले. ते आजोबांचे शाळेपासूनचे सोबती. "विमानात माणसं बसत्यात. ह्याच्या राकेटात कुनी बसत नव्हतं."

"तेच ते, भाऊ."

"तेच कसं, राव? आन आमच्या हिरीवरची मोटर जळली, तवा ह्यो नुसता बघत बसला. म्हनला, भागू, जुन्नरचा वायरमन आन, मला यातलं काय कळत न्हाई."

लोक हसले. भागुजींनी उपरण्याने तोंड पुसलं आणि पुसतच राहिले.

धम्मपाल ऐकत होता. जो तो आठवेल ते बोलत होता, आणि त्या बोलण्यात त्याला त्याचे वडील सापडत नव्हते. दक्षिणेतल्या रॉकेट केंद्रातली नोकरी संपवून ते गावी आले, त्यानंतर रोज सकाळी ओट्यावर बसून ते नातीच्या वेण्या घालायचे. दोन्ही वेण्या सारख्या जाड झाल्या नाहीत तर सोडून पुन्हा घालायचे. शाळेची घंटा झाली तरी त्यांना घाई नसायची. हे कुणी सांगितलं नाही. धम्मपाललाही सांगता आलं नाही.

"धम्मपाल, ऊन उतरलं," भागुजी म्हणाले. "लावायचं का आता?"

आता इथे तुम्हाला त्या घरची एक रीत सांगायला हवी. रॉकेट सोडायच्या आधी ज्याच्या त्याच्या कामाबद्दल एकेकाला विचारतात. प्रत्येकाने 'तयार' म्हणायचं. एक जण जरी 'नाही' म्हणाला, तरी रॉकेट जागचं हलत नाही. आजोबा एकदा 'नाही' म्हणाले होते. का, ते त्यांना सांगता येईना. इंधन उतरवलं, सगळं उघडून पाहिलं, कुठेच काही सापडलं नाही. पुढे कित्येक वर्षं बरोबरचे लोक त्यांना त्यावरून चिडवायचे आणि तेही हसायचे. पण ती विचारणा त्यांनी घरी आणली. परगावी निघताना दारात उभे राहून ते एकेकाला विचारायचे. त्यांची नात कल्याणी चार वर्षांची असताना एकदा 'नाही' म्हणाली होती. पुण्याची एसटी निघून गेली, तरी त्यांनी तिला कारण विचारलं नाही. पिशव्या खाली उतरवल्या आणि तिचं बोट धरून घरभर बघत फिरले.

भागुजींनी 'लावायचं का' म्हणताच धम्मपाल वळला. आपण काय करतोय हे त्याला कळण्याआधीच तोंडून शब्द गेला.

"आई?"

द्रौपदाबाईंनी नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"तयार," त्या म्हणाल्या.

"प्रतीक्षा?"

त्याच्या बायकोने मान हलवली, मग ओठांतल्या ओठांत म्हणाली, "तयार."

"कल्याणी?"

आजीचा हात धरून उभी असलेली नऊ वर्षांची मुलगी. एक वेणी जाड, एक बारीक. आज ती आईने घातली होती.

"नाही," कल्याणी म्हणाली.

गर्दीत कुजबुज झाली. बायकांपैकी कुणीतरी म्हणालं, "पोरीला कशाला आनलं इथं?"

"बाळा," कुंडलिक वाकून म्हणाले, "आजोबांना आता जाऊ द्यायचं असतं. लांबची पावणं आल्यात, त्यांनाबी परत जायचंय."

"जाऊ द्या पाहुण्यांना," कल्याणी म्हणाली.

"ल्हान हाय अजून," भागुजी म्हणाले. "लाव तू, धम्मपाल. तिचं नको मनावर घेऊ."

टेंभ्यातून रॉकेलचे जळते थेंब मातीत पडत होते. धम्मपालचा हात पुढे होईना. पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी जे जे पाहण्यासारखं होतं ते सगळं पाहिलं होतं. कालपासून घरात माणसांची रीघ लागली होती. आता तपासायचं असं काहीच उरलं नव्हतं, आणि हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्यालाही कुणी विचारलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, असं त्याच्या मनात आलं. पण विचारणारा माणूस समोर लाकडांत झोपला होता.

तो मुलीसमोर खाली बसला. वडिलांनी कधीच विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं.

"काय राहिलंय, कल्याणी?"

तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मान खाली घातली.

मग तिने आजीचा हात सोडला. ती चितेजवळ गेली. टाचा उंच करून तिने आजोबांच्या छातीवरचं लाकूड दोन्ही हातांनी धरलं. ते जड होतं. ओढत, पोटाशी घेत तिने ते जमिनीवर ठेवलं.

फ्रॉकला हात पुसून ती दुसऱ्या लाकडाकडे वळली.