खरखर गेली तेव्हा

हेडफोनमधली खरखर थांबली आणि एकच स्वच्छ सूर उरला. जयरामने श्वास रोखून मीटर पाहिला. विजेरीचा एकच सेल, आणि सर्किट त्यातूनही नावालाच करंट घेत होतं. त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण ओरडून सांगणार कोणाला? देवबागच्या त्या घरात तो एकटाच राहत होता.

ते सर्किट ऑसिलेटरचं होतं, रेडिओला लागणारी लहर अखंड पुरवणारं. आणि भारी हट्टी. करंट कमी केला की खरखर वाढायची. खरखर घालवावी, तर सेल चार दिवसांत मान टाकायचा. बंगळूरच्या प्रयोगशाळेत अशी सर्किटं चिपवर बसवायचं काम चाले. तिथली नोकरी सोडून जयराम आजारी वडिलांसाठी गावी आला होता. वडील गेले, त्याला दोन वर्षं झाली. जुन्या साहेबांनी तेव्हाच, शहाऐंशी साली, लिहिलं होतं, ‘आधी सुट्या ट्रान्झिस्टरवर जमवून दाखव, मग ये.’ तेव्हापासून दिवेलागण झाली की तो कानाला हेडफोन लावून टेबलाशी बसायचा.

आज त्याने कॉइल नव्याने गुंडाळली, करंट निम्म्यावर आणला आणि सगळं सर्किट बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बंद केलं. जमलं एकदाचं!

त्याने ट्रंक ओढून कपडे भरायला घेतले. निरोप घ्यावा असं कोणी नव्हतं. शेजारी एकटी मथुराकाकी होती, पण दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरच्या माडावरून वडिलांनी आणि तिच्या नवऱ्याने जो अबोला धरला, तो ते दोघे गेले तरी सुटला नव्हता. माडाचे नारळ पडून कुजायचे, उचलायला कोणी पुढे होत नसे. आपण असलो काय नि नसलो काय, कोणाला काय त्याचं? हे त्याने स्वतःला इतक्यांदा बजावलं होतं, की आता त्याचं वाईट वाटत नाही असं तो म्हणे. खोटं कशाला बोला, वाटत होतं.

"जयरामा! जयरामा रे!"

मथुराकाकी दारात उभी होती. साठी उलटलेली बाई गडगा चढून आली होती. पदर झुडपात अडकून फाटला होता.

"काकी? काय झाला गो तुका?"

"माका काय जाताला! तुका काय झाला, ता बघूक इलंय," ती धापा टाकत म्हणाली. "दोन वर्सा सांजच्या बातम्यो लागल्यो की माझ्या रेडियोत शिटी वाजता. रेडियो तुझ्या घराकडे न्हेलंय की जोरान वाजता. आज शिटीच नाय. बातम्यो अगदी साफ! रेडियो तसोच टाकून धावलंय."

जयरामने कपाळावर हात मारला. उघड्या सर्किटातली लहर गडग्यापलीकडे गळत होती. आज डब्यात कोंडली, तेव्हा कुठे थांबली. दोन वर्षं तो आपल्याच कानातली खरखर मोजत बसला होता. शेजारी रेडिओ आहे का, एवढं साधं विचारायला हवं होतं. पण विचारणार कसं, बोलणंच नव्हतं! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"दोन वर्सा सोसलंस, काकी? एकदा तरी हाळी मारून सांगूचा होता."

काकीने त्याला पायापासून डोक्यापर्यंत नीट बघून घेतलं आणि मग उंबऱ्यावरच बसकण मारली.

"सांगलंय असतंय, तर तू बंद केलं असतंस," ती म्हणाली. "मगे शेजारच्या घरात माणूस आसा, ह्या माका कशान कळला असता?"