चौथा कोपरा

मिरवणुकीचा रथ नाक्यावर येऊन थांबला तेव्हा तोकुजी रस्त्याच्या कडेला, गर्दीत उभा होता. एकावन्न वर्षांत पहिल्यांदाच. दर जुलैला तो रथाच्या पुढच्या डाव्या चाकापाशी असायचा, कान लाकडाकडे लावून. आज तिथे त्याचा मुलगा क्योहेई होता.

"त्या हाताला जरा आवरा की," बायको, मित्सुए, म्हणाली. "तुमच्याबरोबर मीही हलतेय."

"फेब्रुवारीपासून माझं ऐकत नाही तो. तुझं ऐकत असेल तर सांगून बघ."

फेब्रुवारीत, भुतं घराबाहेर घालवायच्या सणाला, उधळायचे सोयाबीनचे दाणे त्याच्या उजव्या मुठीतून गळून त्याच्याच पायाशी पडले होते. एप्रिलमध्ये चेरीच्या झाडाखाली त्यानं डाव्या हातानं पेला धरला. जुलैत दोऱ्या क्योहेईनं बांधल्या.

"आणि हे दातांत काय अडकलंय? तणस?"

तोकुजीनं तोंड मिटलं.

बारा टनांचा रथ. शेंडा जमिनीपासून पंचवीस मीटर. सांगाड्यात खिळा एकही नाही, सगळे सांधे भाताच्या पेंढ्याच्या दोरीनं बांधलेले. दोरी दर वर्षी नवी घ्यायची आणि मिरवणूक संपली की त्याच दुपारी कापून टाकायची. आज पहाटे पहारेकरी तोंड धुवायला गेला, तेवढ्यात तोकुजीनं पुढच्या डाव्या कोपऱ्यावर आणखी दोन वेढे चढवले होते. डाव्या हातानं धरून, दातांनी ओढून. मुलाची गाठ त्याला सैल वाटली होती.

चाकांपुढे चिरलेले बांबू अंथरले गेले, त्यांवर बादल्यांनी पाणी पडलं. ही चाकं फक्त सरळ जातात. रथ वळवायचा तो घसरवूनच, तीन ओढींत. रथाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या दोघांनी इशाऱ्याचे घडीचे पंखे उघडले. गर्दी गप्प झाली.

"योई, योई, योई तो से!"

चाळीस माणसांनी एका अंगाला ओढलं. रथ बांबूवरून सरकला. तीन कोपरे कुरकुरले. चौथा गप्प राहिला.

दोरी कुरकुरते म्हणजे ती सोसते आहे. ती फार आवळून सोसेनाशी झाली की भार लाकडावर जातो, आणि लाकूड मोडतं. हे तोकुजीनंच क्योहेईला शिकवलं होतं, पोरगा नऊ वर्षांचा असताना, कान धरून. आणि आता रथात पन्नास वाजंत्री बसले होते, छपरावर चार माणसं होती.

क्योहेईनं हात वर केला. ओढ थांबली.

"काय रे?" छपरावरून सुतार गेनझो ओरडला. "आमचं वाळवण घालायचंय का इथे?"

क्योहेई कडेचा पडदा उचलून रथाखाली शिरला.

मित्सुएनं नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग रथाकडे. "तुम्ही?"

"दोनच वेढे."

"मग जा ना, सांगा त्याला!"

तोकुजी वाकला आणि गर्दी अडवायला लावलेल्या दोरीखालून पलीकडे गेला.

"आजोबा, मागे व्हा," पोलीस म्हणाला.

"मला त्या मुलाला सांगायचंय. तो कोपरा मी..."

पडदा हलला. क्योहेई बाहेर आला. एका हातात कोयता होता, दुसऱ्यात दोरीचे दोन तुकडे. एका तुकड्याचं चावलेलं टोक त्यानं डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं, मग दोन्ही कमरेला खोचले.

"काय सापडलं?" वरून गेनझो.

"दोन वेढे जास्त बसले होते. माझी चूक."

"शाबास! बाप इथे असता तर कानाखाली मारली असती."

"मारली असती," क्योहेई म्हणाला, आणि त्यानं ओढायची खूण केली.

पंखे पुन्हा उघडले. "योई, योई, योई तो से!"

चारही कोपरे कुरकुरले. तोकुजीनं ते ऐकलं आणि, दुसरं काही करण्यासारखं उरलं नाही म्हणून, मान वर केली.

शेंडा आधी हललाच नाही. खालचा सांगाडा वळून थांबला, आणि मग क्षणभरानं वर शेंडा कलला. इमारतींच्या वर, उघड्या आभाळात, तो एका बाजूला गेला, परत आला, पलीकडे गेला, मुळं धरून उभ्या असलेल्या झाडासारखा. खाली प्रत्येक गाठ केसभर सोडत होती, केसभर धरत होती. वर त्याचा हा एवढा मोठा झोका होत होता. तोकुजीच्या मानेला रग लागली, पण मान खाली येईना. पोलिसानं त्याला दंडाला धरून दोरीमागे आणलं तेही त्याला कळलं नाही.

"हे दर वर्षी होतं?" त्यानं विचारलं.

"दर वर्षी," मित्सुए म्हणाली.

"कधी बोलली नाहीस."

"तुम्ही घरी आलात की दोरी कशी बसली तेवढंच बोलायचात. मला वाटलं, शेंडा तुम्हाला ठाऊकच असेल."

तिसऱ्या ओढीत रथ नव्या रस्त्याला सरळ झाला. झांजांची लय वाढली. क्योहेई चाकाबरोबर चालत त्यांच्या समोरून गेला. थांबला नाही. नुसतं आपल्या पुढच्या दातांवर बोट ठेवून त्यानं बापाला खूण केली, तणस काढायची.

मित्सुए हसायला लागली. "बघितलंत? अहो, त्यानं ओळखलं. अहो..."

"जरा बाजूला हो," तोकुजी म्हणाला. "शेंडा चाललाय."